मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांना व्होक-टेक हायस्कूलला घालायचंय? आठवीपासून काय काय करायचं ते

दर ऑक्टोबरला मला दोन-तीन फोन येतात. गणपतीत नाहीतर दिवाळीच्या कार्यक्रमात भेटलेलं कोणीतरी असतं, आणि आवाज जरा खाली आणून विचारतं, "अगं तुझा मुलगा त्या व्होक-टेकला जातो ना, आमची आठवीत आहे, जरा विचारायचं होतं." आवाज खाली का आणतात देव जाणे. तर तेच तेच सांगून मी दमले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझा मुलगा आता बारावीत आहे, शॉप इलेक्ट्रिकल.

आधी हे काय प्रकरण आहे ते. आपल्या डोक्यात लगेच आयटीआय येतं, नाहीतर आपल्या वेळची आठवी ते दहावी 'टेक्निकल'वाली मुलं, नाहीतर एमसीव्हीसी. तसं नाहीये. व्होक-टेक म्हणजे व्होकेशनल-टेक्निकल, आणि हे पूर्ण चार वर्षांचं हायस्कूल आहे, नववी ते बारावी. शेवटी जो डिप्लोमा मिळतो तो गावातल्या हायस्कूलसारखाच, आणि वर एका धंद्याचं सर्टिफिकेट. राज्याच्या कायद्यातलं चॅप्टर ७४ या शाळांना लागू होतं, त्यामुळे कोणी 'चॅप्टर ७४ प्रोग्राम' म्हणालं तर गोंधळू नका, हेच ते. बहुतेक ठिकाणी एक आठवडा वर्गात (गणित, इंग्लिश, सायन्स, हिस्टरी) आणि पुढचा अख्खा आठवडा शॉपमध्ये. शॉप म्हणजे वर्कशॉप, दुकान नाही, माझ्या सासूबाईंना हे समजवायला एक महिना गेला. वर्षाचे १८० दिवस धरले तर साधारण ९० दिवस हातात पक्कड. सुतारकाम, प्लंबिंग, गाड्या, वेल्डिंग, स्वयंपाक, केस कापणं हे तर असतंच, पण हेल्थ असिस्टिंग, बायोटेक, रोबोटिक्स, प्रोग्रामिंग, डिझाईन असे शॉप पण असतात, कुठल्या शाळेत कुठले ते वेगळं वेगळं.

या शाळांच्या नावात बऱ्याचदा 'रीजनल' असतं. रीजनल का म्हणतात, तर एकेका छोट्या गावाला वीस-वीस शॉप उभे करणं परवडत नाही, म्हणून पाच-दहा गावं मिळून एक शाळा चालवतात. आणि इथेच पहिलं काम येतं.

तुमचं गाव कुठल्या शाळेत मोडतं ते बघा. शाळा आपण निवडत नाही, गाव निवडतं. ॲशलँड, हॉपकिंटन, नॅटिक, हॉलिस्टन, फ्रेमिंगहॅम हे सगळे फ्रेमिंगहॅमच्या कीफ टेकमध्ये. वेस्टफर्ड, चेम्सफर्ड, लिटलटन, ग्रोटन ही नशोबा व्हॅलीत. बर्लिंग्टन, बेडफर्ड, बिलेरिका, ट्युक्सबरी, विल्मिंग्टन शॉशीनला. वेस्टबरो, नॉर्थबरो, साउथबरो मार्लबरोच्या असाबेट व्हॅलीला. लेक्सिंग्टन, ॲक्टनवाल्यांना मिनिटमन, त्यांची नवी बिल्डिंग २०१९ ला उघडली, एकदा बघाच. अपटनच्या ब्लॅकस्टोन व्हॅलीत तर १३ गावं आहेत. मेंबर गावातल्या मुलांना आधी जागा, फी शून्य, बस पण फुकट. मेंबर नसलेल्या गावाचं मूल पण अर्ज करू शकतं, पण मग नॉन-रेसिडेंटचा वेगळा फॉर्म असतो, तो आपल्या गावच्या सुपरिंटेंडंटकडून (गावातल्या शाळांचा प्रमुख) मंजूर करून घ्यावा लागतो कारण पैसे तुमचं गाव भरणार असतं, आणि तुमच्या गावच्या हायस्कूलमध्येच तो शॉप चॅप्टर ७४ खाली चालत असेल तर गाव नाही म्हणू शकतं. घर बदलायच्या विचारात असाल तर हे आधी बघा, शाळेचं रेटिंग सगळे बघतात पण हे कोणी बघत नाही.

आता वेळापत्रक. सगळं आठवीच्या वर्षातच होतं. ओपन हाउस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अर्ज हिवाळ्यात, निकाल मार्च-एप्रिलच्या आसपास, प्रत्येक शाळेच्या तारखा वेगळ्या. अर्ज ऑनलाइन असतो पण मिडल स्कूलच्या काउन्सेलरकडून हजेरीची वगैरे माहिती जाते, त्यामुळे तिला आधी सांगून ठेवा. मला आलेला अनुभव असा की आमची काउन्सेलर (कुठली शाळा ते राहू दे) म्हणाली, "पण तो तर गणितात हुशार आहे!" म्हणजे हुशार मुलांनी तिकडे जायचं नाही असं तिचंच मत, आणि मी घरी येऊन दोन दिवस गप्प बसले होते कारण माझ्या पण मनात तेच होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती. गणितात हुशार असलेलं पोरगंच इलेक्ट्रिकलमध्ये टिकतं हे नंतर कळलं. कंड्युट, म्हणजे वायर ज्यातून नेतात तो पाइप, वाकवायचा तर आधी कोनाचा गुणक धरून खुणा करायच्या, ३० डिग्रीला उंचीच्या दुप्पट अंतर, ४५ ला १.४. आमचा पोरगा एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, हे कोसीकँट आहे!" चार वर्षं रशियन मॅथच्या क्लासला ने-आण केली त्याचं सार्थक तिथे झालं.

प्रवेशाला आता लॉटरी असते, तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आमच्या वेळी मार्क, हजेरी, शिस्त, काउन्सेलरचं पत्र, कुठेकुठे इंटरव्ह्यू, असं सगळं मिळून गुण द्यायचे आणि वरून खाली यादी. त्यावर बरीच वर्षं भांडण चाललं होतं, कारण ज्या मुलांना हाताचं शिक्षण खरंच हवं होतं त्यातली बरीच मार्कांवरून बाहेर राहत होती. मे २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण बोर्डाने नियम बदलला, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढायची, २०२६ च्या प्रवेशापासून. मार्क बघायचे नाहीत. हजेरी, शिस्त आणि मुलाचा स्वतःचा इंटरेस्ट याला थोडं वजन द्यायची मुभा शाळांना आहे, कोण किती देतं ते त्या त्या शाळेच्या ॲडमिशन पॉलिसीत लिहिलेलं असतं, साइटवर पीडीएफ असते, कंटाळवाणी आहे पण वाचा.

यातलं आपल्या लोकांना नडणारं एकच, हजेरी. आपण काय करतो, डिसेंबरात तिकीट महाग म्हणून पंधरा दिवस आधी निघतो, भाचीचं लग्न, मग तिकडे गेलोच आहोत तर गावी कुळाचार, आणि जानेवारी संपताना परत. शाळेच्या दप्तरी हे सगळे दिवस बहुतेक अनएक्सक्यूज्ड पडतात, तुम्ही कितीही गोड ईमेल लिहा. हजेरी सातवीची पण बघू शकतात. तेव्हा सातवी-आठवीत भारतात जायचं तर जुलैमध्ये जा, उकाडा-पाऊस सोसा.

ओपन हाउसला जाताना. त्या संध्याकाळी सगळं चकाचक असतं, मुलं इस्त्रीचे शर्ट घालून उभी असतात, थ्रीडी प्रिंटरमधून किचेन काढून देतात, सगळे खूश. जा, पण त्यावरून ठरवू नका. शाळेच्या दिवशीची टूर मिळत असेल तर ती घ्या, आणि मुलाला एकट्याला जाऊ द्या. दुसरं म्हणजे बऱ्याच शाळांमध्ये कलिनरीची मुलं एक रेस्टॉरंट चालवतात, बाहेरच्या लोकांना दुपारचं जेवण स्वस्तात मिळतं, सलोन पण असतं. एखाद्या गुरुवारी सुट्टी टाकून तिथे जेवायला जा. मी गेले होते. सोळा वर्षांचा एक मुलगा सूप घेऊन आला, हात थोडा थरथरत होता, बशीत दोन थेंब सांडले, तर मागून त्याची टीचर काही बोलली नाही, फक्त एक स्वच्छ बशी त्याच्या हातात दिली आणि त्याने ती स्वतः बदलली. तेवढ्यावर मला शाळा कळली. ब्रोशरमध्ये हे नसतं.

शॉपमध्ये गेलात की मशीन किती नवं आहे ते बघू नका, हे विचारा: या शॉपमधून गेल्या वर्षी किती मुलं को-ऑपला (शाळेच्या वेळात कंपनीत पगारी काम) गेली? किती मुलांना हा शॉप पहिल्या पसंतीचा म्हणून मिळाला? टीचरने स्वतः हे काम बाहेर किती वर्षं केलंय? तिसऱ्याचं उत्तर ऐकायला फार मजा येते, कारण हे लोक धंद्यातून आलेले असतात, कोणी वीस वर्षं पाइप जोडलेत, कोणी हॉटेलची किचन चालवलीत, आणि बोलतातही तसेच.

आता मुख्य गोष्ट, जी फोनवर सांगितली तरी कोणाच्या डोक्यात शिरत नाही. शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे शॉप मिळाला असं नाही. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी आम्ही श्रीखंड आणलं, आणि मी आईला फोनवर सांगून टाकलं की नातू इलेक्ट्रिशियन होणार. आई म्हणाली, "अगं अमेरिकेत नेऊन पोराला वायरमन करतेस?" त्या वेळी मला राग आला, पण खरं तर तेव्हा तो काहीच झाला नव्हता. नववीत एक्स्प्लोरेटरी नावाची गोष्ट असते, किमान अर्धं वर्ष, मुलं वेगवेगळ्या शॉपमधून फिरतात, आधी थोडे थोडे दिवस बरेच शॉप, मग त्यातले काही निवडून जास्त दिवस. प्रत्येक ठिकाणी टीचर गुण देतो. शेवटी मुलाने पसंतीक्रम लिहायचा आणि त्या गुणांवरून जागा वाटतात. इलेक्ट्रिकल, प्लंबिंग, कॉस्मेटॉलॉजी, हेल्थ यांना मारामारी असते. ज्याचे गुण कमी पडले त्याला दुसरा-तिसरा, आणि मग पदरी पडलं पवित्र झालं. म्हणजे आता लॉटरीमुळे दारात मार्क लागत नाहीत, पण आत गेल्यावर लागतात, फक्त ते मार्क वेगळ्या गोष्टींचे असतात.

कसल्या गोष्टींचे? वेळेवर येणं. गॉगल डोळ्यावर असणं, कपाळावर नाही. फोन लॉकरमध्ये. सांगितलेलं काम झाल्यावर पुढचं विचारणं. आणि झाडणं! शेवटची पंधरा मिनिटं सगळं झाडून, हत्यारं पुसून जागच्या जागी लावायची असतात, भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते, पान्याची रेषा रिकामी दिसली की कोणी घरी जायचं नाही. आपल्या मुलांना घरात झाडू मारायची सवय नसते, खरं बोलायचं तर आपणच लावत नाही, "तू अभ्यास कर" म्हणून. आमच्या पोराने पहिल्या आठवड्यात झाडू उलटा ढकलला म्हणून सगळे हसले होते. तेव्हा नववीच्या आधीच्या उन्हाळ्यात बाकी क्लास जाऊ देत, गॅरेज झाडायला लावा, नळाचा वॉशर बदलायला लावा, टेप घेऊन खोली मोजायला लावा, तीही इंचात. सोळा भागांचा इंच आपल्या सेंटिमीटरवाल्या डोक्याला फार छळतो. तीन अष्टमांश आणि पाच सोळांश यात मोठं कोण हे झटकन सांगता आलं पाहिजे.

आणि प्रत्येक शॉप मनापासून करायला सांगा, नावडता पण. मुलीला वेल्डिंग दाखवू नये, मुलाला कॉस्मेटॉलॉजी कशाला असलं काही घरात बोलू नका, एक्स्प्लोरेटरीत सगळ्यांना सगळं बघायचं असतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी बायोटेक पक्कं धरून गेली होती, मेटल फॅब्रिकेशनमध्ये चार दिवस काढले आणि तिथेच राहिली. तिच्या बाबांना सावरायला वेळ लागला.

बूट. स्टील-टोवाले बूट लागतात, बऱ्याच शॉपना. फी नसली तरी बूट, युनिफॉर्म, कुठे कुठे हत्यारांचा सेट यात पैसे जातात, बूट शंभर-दीडशे डॉलर धरा. परवडत नसेल तर काउन्सेलरला सरळ सांगा, शाळा बहुतेक वेळा सोय करतात. मी काय केलं, पोराचा पाय वाढतोय म्हणून वाढत्या अंगाचे, दोन नंबर मोठे घेतले. शिडीवर तिसऱ्या पायरीला बूट अडकला आणि टीचरने त्याला तिथल्या तिथे खाली उतरवून दिवसभर जमिनीवर वायर सोलायला बसवलं. दुसऱ्या दिवशी मापाचे घेतले. ही काटकसर करू नका.

कॉलेजचा प्रश्न सगळे शेवटी विचारतात पण मनात पहिला तोच असतो. कॉलेजला जाता येतं, भरपूर मुलं जातात, काही शाळांत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, पण असतात. पण दोन गोष्टी आधीच बघा. एक, फॉरेन लँग्वेज. राज्याच्या शिफारशीत भाषेची दोन वर्षं आहेत पण व्होकेशनलच्या मुलांना त्यातून सूट घेता येते, आणि अर्धा वेळ शॉपमध्ये जात असल्याने बऱ्याच मुलांची भाषा राहूनच जाते. पुढे एखाद्या कॉलेजला ती हवी असली की घोडं तिथे अडतं. नववीतच काउन्सेलरला विचारून बसवून घ्या. दोन, गणिताची लेव्हल. नववीत कुठल्या गणितात बसवतात ते प्लेसमेंटवरून ठरतं, त्या परीक्षेला मुलाला झोपेत पाठवू नका. आणि एक आठवडा गणित नाही, मग एकदम आठवडाभर गणित, ही लय जमायला पहिले दोन-तीन महिने जातात. शॉपच्या आठवड्यात रोज वीस मिनिटं जुनं चाळलं तरी पुरतं.

ज्यांना कॉलेज नको त्यांच्यासाठी हिशोब असा: कॉस्मेटॉलॉजीच्या लायसन्सला राज्यात १००० तास लागतात, ते शाळेतच भरतात. हेल्थवाली मुलं नर्सिंग असिस्टंटची परीक्षा देऊन बाहेर पडतात. इलेक्ट्रिकलला जर्नीमनच्या (शिकाऊपण संपलेला कारागीर) लायसन्ससाठी ८००० तास काम आणि ६०० तास वर्ग लागतो, त्यात शाळेतल्या तासांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे बाकीच्यांच्या पुढे सुरुवात होते. ओशाचं (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारं सरकारी खातं) दहा तासांचं सेफ्टी कार्ड तर जवळपास सगळ्यांकडे असतं.

आता व्हिसा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून ठळक सांगते. शाळेत प्रवेशाला व्हिसाचा काही संबंध नाही, पब्लिक शाळा आहे, सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे, स्टेटसवरून मुलाला अडवता येत नाही. पण अकरावी-बारावीत को-ऑप असतं, म्हणजे शॉपच्या आठवड्यात शाळेऐवजी खऱ्या कंपनीत पगारी काम, आणि ते या शाळेचं सगळ्यात मोठं आकर्षण आहे. एच-४ वरचं, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरचं, मूल ते करू शकत नाही. पगारी काम म्हणजे वर्क परमिट आलं, आणि एच-४ मुलांना ग्रीन कार्डची शेवटची पायरी, म्हणजे आय-४८५ भरून झाल्याशिवाय ईएडी (हेच ते सरकारी वर्क परमिट) सहसा मिळत नाही, आणि भारतीयांची रांग तुम्हाला माहीतच आहे. फुकट करतो म्हणालं तरी धोका असतो, वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. अठराच्या आतल्या मुलांना कामासाठी शाळेकडून मिळतं ते वयाचं वर्क परमिट वेगळं, त्यावर विसंबू नका, नाव सारखं आहे म्हणून आम्ही फसलो होतो. लायसन्सच्या अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात तो पण या मुलांकडे नसतो.

आमच्या पोराचं हेच झालं. अकरावीत मार्क, हजेरी सगळं होतं, एक कंपनी घ्यायला तयार होती, आणि फॉर्म भरताना लक्षात आलं. दोन दिवस जेवला नाही नीट. त्याच्या शॉप टीचरने मार्ग काढला तो असा की शाळेचाच एक प्रोजेक्ट होता, गावातल्या एका बिल्डिंगचं वायरिंग, शॉपचा भाग म्हणून, पगार नाही, टीचर सोबत, त्यात त्याला मुख्य केलं. पॅनल त्याने बसवलं. त्याचा फोटो आईला पाठवला, आईने वाड्यातल्या सगळ्यांना दाखवला, आता ती वायरमन म्हणत नाही, 'इलेक्ट्रिकचा' म्हणते. तेव्हा एच-४ वर असाल तर शाळा नाकारू नका, पण ओपन हाउसलाच विचारा की को-ऑपला जाता आलं नाही तर त्या मुलांना शॉपमध्ये काय देता. याचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असेल ती शाळा चांगली.

शेवटचं वेटिंग लिस्टचं. लॉटरीत नंबर लागला नाही तर लगेच हातपाय गाळू नका, काही मुलं गावच्या हायस्कूलला जायचं ठरवतात, काही घर बदलतात, काही खाजगी शाळेत जातात, यादी सरकत राहते. मधून मधून एखादा सभ्य ईमेल टाका की अजून इंटरेस्ट आहे, रोज नको. आणि ऑगस्टमध्ये अनोळखी नंबरचे फोन उचला. आमच्या ओळखीतल्या एकांना शाळेचा फोन शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी आला, स्पॅम समजून दोनदा कट केला, तिसऱ्यांदा पोरीने उचलला.